मंद आवाज टिपताना

जबलपूरहून सुमारे वीस किलोमीटरांवर असलेल्या भेडाघाटास जाणारा प्रवासी बहुधा प्रथम धुवांधारच्या काठाशी जाऊन उभा राहतो. नर्मदेचा प्रवाह तेथे कड्यावरून खाली झेपावतो, तुषारांचा धूर वर उठतो आणि शेजारी उभ्या असलेल्या सोबत्याचे बोलणे ऐकावयाचे तर त्याला कानाशी तोंड आणून ओरडावे लागते. तेथून तोच प्रवासी पंचवटी घाटावर येऊन नावेत बसतो. संगमरवरी कड्यांच्या मधून नर्मदा खोल आणि शांत वाहत असते. नावाडी आपल्या यमकबद्ध हिंदीत एकेका खडकाची ओळख करून देत असतो. वल्ही थांबली म्हणजे तो जे स्वतःशी पुटपुटतो, तेदेखील नावेच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्यास स्पष्ट ऐकू जाते.

माणसाचा आवाज दोन्ही ठिकाणी तोच. किंबहुना धुवांधारपाशी तो अधिक मोठा. तरीही ऐकू येतो तो नावेतला. याचा अर्थ असा की, आवाज ऐकू येणे हे त्याच्या मोठेपणावर अवलंबून नसते. आवाज आणि भोवतालचा गोंगाट यांच्या परस्पर प्रमाणावर ते अवलंबून असते. ही गोष्ट सांगितल्यावर अगदी साधी वाटते. परंतु मंद आवाज मुद्रित करण्यासाठी थोडक्या पैशांत चांगला विवर्धक, म्हणजे अँप्लिफायर, घेऊ इच्छिणाऱ्या माणसाला नेमका हिचाच विसर पडतो आणि पुष्कळदा त्याचे पैसे वाया जातात.

जबलपूर हे हिंदी भाषेच्या मुलखातले नगर असले, तरी मराठी तेथे परकी नाही. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी हा प्रदेश घेतला, १७९८ मध्ये तो नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ मध्ये इंग्रजांनी जबलपूर जिंकले. सत्ता गेली, परंतु मराठी घरे मागे राहिली. पुढे रेल्वे आली, १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना निघाला, कचेऱ्या आणि शाळा वाढल्या आणि नोकरीच्या निमित्ताने आणखी कुटुंबे तेथे स्थायिक झाली. दोन-तीन पिढ्या नर्मदेकाठी काढलेल्या अशा घरांतील वृद्ध स्त्रियांच्या तोंडी जी मराठी असते, ती पुण्याची नव्हे आणि नागपूरचीही नव्हे. तिच्यात हिंदी शब्द सहज मिसळलेले असतात, वाक्यांना निराळा हेल असतो. आणि एखाद्या आजीला जात्यावरच्या चार ओव्या आठवत असल्या, तर त्यांची चालही तिच्या माहेरच्या गावची असते. महाराष्ट्रात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्या कार्यात शब्दांबरोबर गाणाऱ्या बायकांचे आवाजही मुद्रित झाले, म्हणूनच आज त्या ओव्या वाचता येतात तशा ऐकताही येतात. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांतील असे आवाज मात्र बहुतांशी त्या त्या घरच्यांनीच जपावयाचे आहेत.

या कामाला उशीर चालत नाही. १९३९ च्या मार्चमध्ये जबलपूरजवळ त्रिपुरी येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा अध्यक्ष सुभाषचंद्र बोस तापाने फणफणलेले होते. त्यांचे अध्यक्षीय भाषण त्यांचे वडील बंधू शरच्चंद्र यांनी वाचून दाखविले. भाषणाचे असे चालते. विचार एकाचे आणि कंठ दुसऱ्याचा, तरी अर्थ पोहोचतो. आजीच्या ओवीचे तसे नाही. ती दुसऱ्याने म्हटली की तिचा अर्थ उरतो, पण आजी उरत नाही. जे जपावयाचे आहे ते त्या कंठातच आहे, आणि तो कंठ वयाबरोबर क्षीण होत चाललेला असतो.

समजा, अशा एखाद्या घरातील नातवाने आजीचा आवाज मुद्रित करण्याचे मनावर घेतले. त्याने चौकशी करून नामांकित असा एक मायक्रोफोन मिळविला. प्रसारणकेंद्रांतून वापरतात त्या जातीचा, आजूबाजूचा आवाज कमी घेणारा. तो त्याने संगणकाला जोडावयाच्या एका लहानशा पेटीला लावला. आजी बोलली, परंतु मुद्रणात आवाज मुंगीएवढा आला. त्याने पेटीवरील बटण शेवटपर्यंत फिरविले. आवाज वाढला खरा, पण त्याच्याबरोबर पावसाच्या सरीसारखी एक अखंड खरखरही वाढली. मग कोणी त्याला सांगितले की, मायक्रोफोन 'मंद' आहे, त्याला अधिक शक्तीचा पूर्वविवर्धक हवा. पूर्वविवर्धक म्हणजे मायक्रोफोनच्या अगदी लगत बसणारा पहिला विवर्धक. बाजारात त्याला 'प्रीअँप' म्हणतात. आता प्रश्न असा की, त्याने काय घ्यावे? आणि त्याही आधीचा प्रश्न असा की, त्याने काही घ्यावे काय?

याचे उत्तर शोधण्यापूर्वी मायक्रोफोन मंद का असतो, हे पाहिले पाहिजे. टेलिफोनमध्ये पूर्वी असे तो कार्बनच्या कणांचा मायक्रोफोन मंद नव्हता. त्यात बाहेरच्या विद्युत्घटाचा प्रवाह खेळविलेला असे आणि बोलणाऱ्याच्या आवाजाने त्या प्रवाहाला केवळ वळण लावावयाचे असे. म्हणून तो स्वतःच एक प्रकारचा विवर्धक होता. परंतु कणांच्या घर्षणामुळे त्याचा आवाज घोगरा आणि खरखरीत येई. ई. सी. वेंट यांनी १९१६ मध्ये कंडेन्सर जातीचा मायक्रोफोन सिद्ध केला. त्याच्या आजच्या वंशजांत विवर्धकाचा पहिला टप्पा मायक्रोफोनच्या पोटातच बसविलेला असतो. त्यामुळे त्यांच्यातून बाहेर पडणारा विद्युत्दाब बराच मोठा असतो. १९२४ मध्ये शॉट्की आणि गेर्लाख यांनी रिबनचा, म्हणजे चुंबकाच्या ध्रुवांमध्ये टांगलेल्या धातूच्या तलम पट्टीचा, मायक्रोफोन पुढे आणला. हलत्या वेटोळ्याचा मायक्रोफोनही याच तत्त्वावर चालतो. आवाजाने पातळ पटल कंप पावते, त्याला जोडलेले तारेचे वेटोळे चुंबकीय क्षेत्रात मागेपुढे होते आणि वेटोळ्यात वीज उत्पन्न होते.

या शेवटच्या दोन प्रकारांत बाहेरची वीज कोठेच नाही. जी काही वीज निघते ती बोलणाऱ्याच्या श्वासाने हलविलेल्या हवेतूनच निर्माण व्हावयाची. ती अत्यल्प असली तर त्यात मायक्रोफोनचा दोष नाही. त्यांपैकी हलत्या वेटोळ्याचा मायक्रोफोन मजबूत असतो, दमट हवेला फारसा दाद देत नाही आणि त्याचा आवाज भरदार असतो. त्याची किंमत म्हणून त्याला पुढे चांगला विवर्धक लागतो.

अत्यल्प म्हणजे किती, हे आकड्यांनी पाहिलेले बरे. यासाठी डेसिबेल या मापाची थोडी ओळख हवी. विद्युत्दाबाच्या बाबतीत २० डेसिबेल वाढले म्हणजे दाब दसपट होतो, ६० वाढले म्हणजे हजारपट आणि ६ वाढले म्हणजे जवळजवळ दुप्पट. श्युअर कंपनीचा एसएम-७बी हा या जातीचा एक प्रसिद्ध मायक्रोफोन आहे. निर्मात्याच्या आकड्याप्रमाणे ९४ डेसिबेलचा, म्हणजे बराच मोठा, ध्वनी त्याच्यावर पडला असता त्यातून सुमारे १.१२ मिलिव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टाचा सुमारे नऊशेवा भाग, बाहेर पडतो. वृद्ध स्त्रीचा हळू आवाज एक फुटावर ६० डेसिबेलच्या आसपास धरला, तर याच मायक्रोफोनमधून फक्त २२ मायक्रोव्होल्ट मिळतात. मायक्रोव्होल्ट म्हणजे एका व्होल्टाचा दहा लाखावा भाग. मुद्रणयंत्राला तर व्होल्टाच्या दहाव्या भागाइतका तरी दाब मिळावा अशी अपेक्षा असते. म्हणजे हा आवाज सुमारे साडेचार हजार पटींनी वाढवावयास हवा. डेसिबेलच्या भाषेत ७३. साधारण स्वस्त पेट्यांत ५० ते ६० डेसिबेलपर्यंतच विवर्धन मिळते. नातवाचे बटण शेवटपर्यंत का गेले, याचे कारण हे.

परंतु खरखरीचे कारण याहून निराळे आहे. कोणत्याही तारेत, वेटोळ्यात किंवा रोधकात विद्युत्कण उष्णतेमुळे सदैव सैरावैरा हालत असतात. त्यांच्या या हालचालीतून एक सूक्ष्म विद्युत्दाब आपोआप उत्पन्न होतो. बेल प्रयोगशाळेतील जॉन्सन यांनी तो मोजला आणि नायक्विस्ट यांनी त्याची उपपत्ती सांगितली. हे दोन्ही निबंध १९२८ मध्ये प्रसिद्ध झाले. मायक्रोफोनचा रोध १५० ओहम धरला, तर साध्या तापमानाला श्राव्य कंपनांच्या पट्ट्यात हा दाब सुमारे ०.२२ मायक्रोव्होल्ट भरतो. ही निसर्गाने घातलेली मर्यादा होय. लाखो रुपयांचा विवर्धक आणला तरी तो याच्या खाली जाऊ शकत नाही. कारण ही खरखर विवर्धकात नसून मायक्रोफोनच्या वेटोळ्यातच असते.

प्रत्येक विवर्धक या खरखरीत आपली भर घालतो. चांगला घालतो ती थोडी आणि सामान्य घालतो ती पुष्कळ. येथे दुसरे एक तत्त्व लक्षात ठेवावयाचे. हॅरल्ड फ्रीस यांनी १९४४ मध्ये ते सूत्ररूपाने मांडले. एकापुढे एक असे अनेक विवर्धक जोडले असता, पुढच्या प्रत्येकाच्या गोंगाटाचे महत्त्व त्याच्या आधी झालेल्या विवर्धनाच्या प्रमाणात घटत जाते. म्हणून साऱ्या साखळीचा निकाल बहुतेक पहिल्या कडीतच लागतो. पहिल्या विवर्धकाने आवाजात मिसळलेली खरखर पुढचा कोणताही विवर्धक वेगळी काढू शकत नाही. तो दोघांनाही सारखेच मोठे करतो. दुधात पाणी घरीच पडले असेल, तर पुढे भांडे कितीही मोठे घेतले तरी दूध दाट होत नाही.

दूरच्या तारांवरून बोलणे नेणाऱ्या अभियंत्यांनी हे तत्त्व पूर्वीच अनुभवले होते. १९१५ मध्ये न्यूयॉर्क ते सॅन फ्रॅन्सिस्को अशी टेलिफोनची तार सुरू झाली, तेव्हा निर्वात नलिकांचे विवर्धक वाटेत ठिकठिकाणी बसविले होते. सारे शेवटी एकाच जागी बसविले नव्हते. आवाज गोंगाटात बुडण्यापूर्वीच त्याला उचलून धरावे लागते; एकदा तो बुडाला की मग उचलताना गोंगाटही बरोबर येतो. भारतीय सैन्याच्या सिग्नल्स दलाचे प्रशिक्षणकेंद्र जबलपुरात आहे. क्षीण संदेश गोंगाटातून सांभाळून नेणे ही ज्यांची विद्या, त्यांचेच हे गाव. तेव्हा तेथल्या नातवाने हा धडा गिरवावा, हे योग्यच म्हटले पाहिजे.

आता खरेदीकडे वळता येईल. विवर्धकाच्या माहितीपत्रकात दोन आकडे पाहावयाचे असतात आणि सामान्य ग्राहक त्यांपैकी एकच पाहतो. पहिला आकडा विवर्धनाचा: किती डेसिबेल वाढविता येते. हलत्या वेटोळ्याच्या मंद मायक्रोफोनसाठी तो ६० किंवा त्याहून अधिक असावा. दुसरा आकडा पहिल्याहून महत्त्वाचा. त्याला 'इक्विव्हॅलंट इनपुट नॉइज' म्हणतात. विवर्धकाची सारी खरखर जणू त्याच्या प्रवेशद्वाराशीच आहे असे मानून ती केवढी भरते, हे त्यावरून कळते. तो आकडा उणे असतो आणि जितका अधिक उणे तितका चांगला. १५० ओहमच्या मायक्रोफोनची निसर्गदत्त मर्यादा उणे १३१ डीबीयू आहे. उणे १२८ चा विवर्धक त्या मर्यादेच्या अगदी जवळ आला. त्याची एकूण खरखर सुमारे ०.३ मायक्रोव्होल्ट. उणे ११० चा विवर्धक सुमारे २.५ मायक्रोव्होल्टांची खरखर देतो. आजीचे २२ मायक्रोव्होल्ट त्यात मिसळले की खरखर ऐकू येणारच. आनंदाची गोष्ट अशी की, आजकाल साधारण किमतीच्या पुष्कळ पेट्यांतही उणे १२५ ते उणे १२९ पर्यंतचे विवर्धक मिळतात. जी शुद्धता पूर्वी मोठ्या कलागृहांनाच परवडे, ती आता घरगुती माणसाच्या आटोक्यात आली आहे.

मात्र हा आकडा वाचताना थोडी सावधगिरी हवी. तो पूर्ण विवर्धनावर आणि १५० ओहमचा रोध लावून मोजलेला असावा. प्रवेशाची दोन टोके नुसती एकमेकांस जोडून मोजलेला आकडा अधिक देखणा दिसतो. पण त्यात मायक्रोफोनचा वाटा धरलेला नसतो. तसेच मायक्रोफोनच्या रोधापेक्षा विवर्धकाचा प्रवेशरोध निदान पाचपट, आणि जमल्यास दसपट, असावा. विशेषतः रिबनच्या मायक्रोफोनला हे फार मानवते.

बाजारात तिसरी एक वस्तू मिळते. ती म्हणजे मायक्रोफोन आणि पेटी यांच्यामध्ये तारेतच बसणारा छोटा विवर्धक. क्लाउडलिफ्टर, फेटहेड अशी त्यांची नावे आहेत आणि ते २५ ते २८ डेसिबेल इतके विवर्धन करतात. त्यांना लागणारी वीज पेटीकडूनच, ध्वनीच्या त्याच तारांवरून, ४८ व्होल्टांच्या 'फँटम' पुरवठ्याने येते. ती वीज ते स्वतः वापरतात, पुढे मायक्रोफोनकडे जाऊ देत नाहीत. २०२३ पासून एसएम-७ मायक्रोफोनची असा विवर्धक पोटातच असलेली एक आवृत्तीही निघाली आहे. ही वस्तू उपयोगाची आहे यात शंका नाही. पण ती कोणाच्या उपयोगाची, हे समजून घेतले पाहिजे. ज्याच्या पेटीचा विवर्धक अपुरा आहे किंवा खरखरीत आहे, त्याला तिचा मोठाच लाभ होतो. कारण साखळीतील पहिली कडी बदलते. ज्याची पेटी मुळातच शांत आणि पुरेशा शक्तीची आहे, त्याला तिच्यापासून बटण थोडे कमी फिरवावे लागण्यापलीकडे फारसे काही मिळत नाही.

आपली पेटी कोणत्या वर्गात मोडते, हे पैसे न खर्चता ठरविता येते. आधुनिक पेट्या २४ बिटांत मुद्रण करतात. तितक्या सूक्ष्म मापनात आवाज २० डेसिबेल कमी नोंदला गेला, तरी पुढे संगणकावर तो वाढविता येतो आणि त्या वाढविण्यामुळे नवीन खरखर जवळजवळ येत नाही. म्हणून प्रथम खोली शक्य तितकी शांत करून आजीचे चार शब्द आहेत तशा मंद आवाजात मुद्रित करावे आणि संगणकावर ते हव्या त्या मोठेपणापर्यंत वाढवून ऐकावे. नंतर मायक्रोफोन न काढता, तो दोन-तीन जाड गोधड्यांत गुंडाळून कपाटात ठेवावा आणि बटण न हलविता पुन्हा मिनिटभर मुद्रण करावे. तेही तितकेच वाढवून ऐकावे. गोधडीतल्या मुद्रणात खरखर आजीच्या दोन शब्दांमधील शांततेइतकीच ऐकू आली, तर दोष विवर्धकाचा. त्याने तारेतला विवर्धक किंवा नवी पेटी अवश्य घ्यावी. परंतु गोधडीत गुंडाळल्यावर आवाज पुष्कळ शांत झाला, तर पहिल्या मुद्रणातला गोंगाट विजेच्या यंत्रातला नव्हता. तो खोलीतला होता. त्यावर कोणताही विवर्धक हा उपाय नव्हे.

आणि बहुतेक घरांत हा दुसरा निकाल लागण्याचाच संभव अधिक. वर फिरणाऱ्या पंख्याचा आवाज खोलीत ४५ डेसिबेल धरला, तर एसएम-७बी सारख्या मायक्रोफोनमधून तो सुमारे ४ मायक्रोव्होल्ट उत्पन्न करतो. उणे १२८ च्या विवर्धकाची खरखर ०.३ मायक्रोव्होल्ट, तर पंख्याचा गोंगाट तिच्या तेरापट! अशा वेळी चांगल्या विवर्धकाऐवजी त्याहूनही चांगला आणणे म्हणजे धुवांधारच्या काठाशी उभे राहून घड्याळाची टिकटिक बंद करण्यासारखे आहे. पंखा बंद करून खोली ३० डेसिबेलपर्यंत शांत केली, तर तोच गोंगाट ०.७ मायक्रोव्होल्टांवर येतो.

याहूनही मोठा लाभ अंतर कमी केल्याने होतो आणि त्याला एक पैसाही लागत नाही. मायक्रोफोन आणि तोंड यांमधील अंतर निम्मे केले की आवाज ६ डेसिबेल वाढतो, म्हणजे जवळजवळ दुप्पट होतो. खोलीचा गोंगाट मात्र तेवढाच राहतो. एक फुटावरून तीन इंचांवर आल्यास आजीचे २२ मायक्रोव्होल्ट सुमारे ८८ होतात. मग ७३ डेसिबेल विवर्धनाची गरज ६१ वर येते. साध्या पेटीत ते जमते किंवा थोडेच कमी पडते, आणि ती उणीव २४ बिटांच्या मुद्रणात सहज भरून काढता येते. एवढेच नव्हे, शांत खोलीत तीन इंचांवर उणे ११० च्या सामान्य विवर्धकाने केलेले मुद्रण हे एक फुटावर उणे १२८ च्या उत्तम विवर्धकाने केलेल्या मुद्रणापेक्षा किंचित सरसच ठरते. ज्या माणसाने किंमत मोजून आपला विवर्धक बदलला पण मायक्रोफोन टेबलाच्या त्या टोकालाच ठेवला, त्याचा हिशेब कोठे चुकला, हे यावरून ध्यानी येईल.

अर्थात तीन इंच हे अंतर सांगणे सोपे. ते साधणे तितके सोपे नाही. वृद्ध माणसासमोर लोखंडी दांडा आणि त्यावर मोठे यंत्र आणून ठेवले की त्यांचा स्वर चोरटा होतो, ओव्या आठवेनाशा होतात. यासाठी मायक्रोफोन तोंडासमोर न ठेवता किंचित बाजूला, गालाच्या रेषेत आणावा. श्वासाचे फटकारेही त्यामुळे चुकतात. पुढे फोमची टोपी घालावी. पहिला अर्धा तास मुद्रण न करता केवळ गप्पा माराव्यात आणि यंत्र तेथेच असू द्यावे. मग ते घरातल्या तांब्याभांड्यांसारखे सवयीचे होते. मायक्रोफोनची पाठ खिडकीकडे किंवा पंख्याकडे असावी, कारण या जातीचे बहुतेक मायक्रोफोन पाठीमागचा आवाज कमी घेतात. भिंती मोकळ्या असतील तर दोन गाद्या उभ्या कराव्यात. संगणकाच्या चार्जरमुळे गुणगुण येत असेल, तर तो काढून घटावर काम चालवावे. आणि वैशाखात जबलपूरचा पारा ४० अंशांच्या वर गेल्यावर पंखा नि कूलर बंद ठेवणे म्हणजे आजीचा छळ ठरेल. तेव्हा पहाटेची वेळ धरावी. रस्ता निजलेला असतो, हवा थंड असते आणि जात्यावरच्या ओव्यांची वेळही तीच असते.

भारतीय भाषांचे पहिले व्यापक ध्वनिमुद्रण ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या निमित्ताने १९१३ ते १९२९ या काळात ग्रामोफोनवर झाले. विजेचे ध्वनिमुद्रण १९२५ नंतर आले. त्याच्या आधी बोलणाऱ्याला कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने बोलावे लागे आणि त्याच्या आवाजाच्या जोरावरच सुई मेणात रेघ कोरी. म्हणजे ज्यांचा आवाज खणखणीत, त्यांनाच त्या यंत्रापुढे स्थान होते. हळू बोलणारे, थकलेले, लाजणारे त्यातून गळून जात. विवर्धकाने हा अन्याय दूर केला. खालच्या स्वरात बोलणाऱ्यालाही मागे राहण्याचा हक्क त्याने दिला, आणि त्याचा खरा मोठेपणा यातच आहे.

तेव्हा निवडीचा क्रम असा ठरतो. प्रथम जवळ जावे. मग खोली शांत करावी. मग गोधडीची परीक्षा घ्यावी. ती परीक्षा विवर्धकाला दोषी ठरवील तरच बाजारात जावे, आणि तेथे विवर्धनाच्या आकड्याआधी शांततेचा आकडा विचारावा. ६० डेसिबेल आणि उणे १२५ किंवा त्याहून सरस, एवढे मिळाल्यावर अधिक किमतीचा मोह धरू नये. उरलेले पैसे दुसऱ्या एका तबकडीवर त्याच मुद्रणाची प्रत ठेवण्यात घालवावेत. कारण यंत्र पुन्हा विकत मिळते, आवाज मिळत नाही.

भेडाघाटच्या नावाड्याला यातले एकही सूत्र ठाऊक नसते. परंतु काही महत्त्वाचे सांगावयाचे असले म्हणजे तो आवाज चढवीत नाही. वल्ही उचलून धरतो आणि नाव शांत पाण्यात तरंगू देतो. मंद आवाज ऐकण्याची पहिली रीत तीच आहे. विवर्धकाचे काम त्यानंतर सुरू होते.